घंटा वाजली, ऐकले कोणी?

बाजारपेठेतल्या एखाद्या बंद दुकानाचा भोंगा रात्री दोन वाजता वाजू लागला, तर आपण काय करतो? बहुतेक जण कूस बदलतात. उंदराने वायर कुरतडली असेल, वीज जाऊन आली असेल, सकाळी मालक येऊन बंद करील, असे मनाशी म्हणून आपण पुन्हा झोपतो. भोंग्याने आपले काम चोख केलेले असते. तरीही पुढे काहीच घडत नाही.

घराला, दुकानाला किंवा शाळेच्या संगणक कक्षाला अशी यंत्रणा बसवायची ठरली, की विक्रेता एक माहितीपत्रक पुढे ठेवतो. त्यात दारांवरचे संवेदक किती, भोंग्याचा आवाज किती, बॅटरी किती तास टिकेल, हे सारे असते. वाजलेली घंटा ऐकणार कोण आणि ऐकून तो करणार काय, याबद्दल मात्र त्यात सहसा अवाक्षर नसते. अमेरिकेत आणि युरोपात याच कामासाठी दरमहा शुल्क घेणाऱ्या कंपन्या आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांच्या घरासमोरच्या हिरवळीवर अशा कंपनीच्या नावाची छोटी पाटी आपल्यापैकी काहींनी पाहिलीही असेल. अशी सेवा निवडताना नेमके काय विकत घ्यायचे असते, हे समजण्यासाठी आपल्याला तिच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल. त्या इतिहासात शाळेत शिकवल्या जाणाऱ्या विजेच्या धड्यातले बरेच काही भेटते, हा आणखी एक फायदा.

विद्युत घंटेचे मूळ जोसेफ हेन्री यांच्या प्रयोगात आहे. १८३१ साली न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे त्यांनी लांब तारेच्या एका टोकाला विद्युतघट आणि दुसऱ्या टोकाला विद्युतचुंबक जोडून दूरवर ठेवलेली घंटा वाजवून दाखवली. पुढे बॉस्टन शहराला लागून असलेल्या सॉमरव्हिल येथील धर्मोपदेशक ऑगस्टस रसेल पोप यांनी ही कल्पना घराच्या दारांना आणि खिडक्यांना लावली. २१ जून १८५३ रोजी त्यांना विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे पेटंट मिळाले. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, त्यानंतरची ही अवघ्या दोन महिन्यांनंतरची गोष्ट. विजेचे दिवे घराघरांत येण्यास अजून पाव शतकाहून अधिक अवकाश होता. म्हणजे काही घरांत विजेने पहिले काम केले ते उजेड पाडण्याचे नव्हे, तर पहारा देण्याचे.

पोप यांची रचना साधी होती. प्रत्येक दार व खिडकीला एक कळ, आणि त्या सगळ्या कळा एकमेकींना समांतर जोडलेल्या. दार बंद असताना कळ उघडी असे आणि तारेतून प्रवाह वाहत नसे. कोणतेही एक दार उघडले की परिपथ पूर्ण होई आणि विद्युतचुंबक घंटेवर हातोडी मारू लागे. चोराने घाईघाईने दार पुन्हा लावून घेतले तरी घंटा थांबू नये, म्हणून दाराच्या वर भिंतीवर एक स्प्रिंग बसवली होती. ती परिपथ जोडलेलाच ठेवी. ही शेवटची युक्ती पाहिली की पोप यांनी चोराच्या बाजूनेही विचार केला होता हे दिसते.

पण एक गोष्ट या रचनेत राहून गेली होती. वर्गात विद्यार्थ्यांपुढे हे चित्र फळ्यावर काढून विचारून पाहावे: तुम्ही चोर असाल तर काय कराल? कुणीतरी विद्यार्थी लगेच सांगतो, "तार कापीन." बरोबर आहे. एरवी प्रवाह नसलेल्या तारेत, तार कापल्यावरही प्रवाह नसतो. घंटेच्या दृष्टीने शाबूत घर आणि तार कापलेले घर या दोहोंत काहीच फरक नाही. विद्युतघट संपला, तार गंजली, जोड ढिला झाला, तरी तीच शांतता. ही शांतता फसवी असते, कारण ती 'सर्व ठीक आहे' असेही सांगते आणि 'मी मेलो आहे' असेही सांगते.

यावरचा उपाय तारायंत्राच्या लोकांना ठाऊक होता. बॉस्टन शहरातच विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर या दोघांनी आगीची सूचना देणारी तारायंत्रणा उभारली होती. ती १८५२ साली सुरू झाली. अशा यंत्रणांमध्ये उलटी रीत रूढ झाली. परिपथ कायम बंद ठेवायचा, म्हणजे तारेतून एक बारीक प्रवाह अहोरात्र वाहता ठेवायचा. तो प्रवाह विद्युतचुंबकातून जातो व लोखंडी पट्टी ओढून धरतो. दार उघडले की परिपथ तुटतो, पट्टी सुटते आणि ती सुटल्याने घंटेचा दुसरा परिपथ जोडला जातो. आता तार कापली तरी घंटा वाजते, घट संपला तरी वाजते. प्रवाह चालू असणे हीच 'ठीक आहे' अशी खूण, आणि ती खूण थांबली की सावध व्हायचे. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची कल्पना हीच आहे.

या दोन रीतींसाठी घटही वेगवेगळे लागत. पाठ्यपुस्तकात डॅनियल घट आणि लेक्लांशे घट यांची चित्रे शेजारी शेजारी असतात आणि दोन घट कशाला शिकायचे, असे मुलांना वाटते. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांच्या १८६६ च्या घटात प्रवाह चालू असताना कार्बनच्या दांड्यावर हायड्रोजन साठू लागतो. मँगनीज डायॉक्साइड तो नाहीसा करते खरे, पण सावकाश. म्हणून हा घट सतत वापरला तर दमतो आणि विश्रांती मिळाली की पुन्हा ताजा होतो. दारावरच्या घंटेला, म्हणजे एरवी उघड्या असणाऱ्या परिपथाला, तो उत्तम. डॅनियल घटात हायड्रोजन साठतच नाही, तेथे मोरचुदाच्या द्रावणातून तांबे बाहेर पडून तांब्यावर बसते. त्यामुळे तो महिनोन्‌महिने एकसारखा प्रवाह देतो. तारायंत्राच्या कचेऱ्यांत त्याचाच एक प्रकार वापरत. काचेच्या बरणीत तळाशी मोरचुदाचे निळे जड द्रावण आणि त्यावर तरंगणारे झिंक सल्फेटचे रंगहीन हलके द्रावण. दोहोंमध्ये पडदा नाही, केवळ घनतेच्या फरकाने ती वेगळी राहतात. गंमत अशी, की या घटातून प्रवाह घेतला नाही तर निळे द्रावण हळूहळू वर पसरते आणि घट बिघडतो. त्याला कामाला लावले तरच तो चांगला राहतो. सतत पहारा देणाऱ्या परिपथाला याहून योग्य सोबती मिळाला नसता.

पोप यांचे हक्क १८५७ साली एडविन होम्स यांनी विकत घेतले आणि १८५९ साली ते न्यूयॉर्कला गेले. सुरुवातीला त्यांची घंटा घरमालकाच्या उशाशी वाजत असे. घरात माणूस असेल तोवर हे ठीक. पण सराफाचे दुकान, बँक, पेढी या जागा रात्री रिकाम्या असतात आणि चोराला हवे ते तेथेच असते. रिकाम्या इमारतीत वाजणारी घंटा ही आपल्या बाजारातल्या भोंग्यासारखीच. म्हणून होम्स यांनी तारा इमारतीबाहेर काढल्या आणि एका मध्यवर्ती खोलीत आणून सोडल्या. तेथे रात्रभर माणूस जागा असे. कोणत्या ग्राहकाची तार बोलली हे पाहून तो तत्काळ माणसे पाठवी. १८७२ च्या सुमारास बॉस्टनमध्ये अशा केंद्राला बँका आणि जवाहिरे जोडलेले होते.

येथे एक मजेदार वळण लागते. बॉस्टनच्या कोर्ट स्ट्रीटवर चार्ल्स विल्यम्स यांचा विजेची उपकरणे बनवण्याचा कारखाना होता. त्याच कारखान्यात थॉमस वॉटसन कामाला होते आणि त्याच इमारतीत अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे दूरध्वनीचे सुरुवातीचे प्रयोग झाले. १८७६ साली बेल यांना पेटंट मिळाले. आता एकमेकांशी बोलू शकणारी दोन यंत्रे तयार होती, पण अनेक जागा एका ठिकाणी जोडणाऱ्या तारा कुणाकडे होत्या? होम्स यांच्याकडे. मे १८७७ मध्ये होम्स यांच्या बॉस्टनच्या केंद्रातून काही बँकांच्या चोरघंटेच्या तारांना दूरध्वनी जोडण्यात आले आणि त्या तारा एका फळीवर आणून एकमेकींना जोडण्याची सोय करण्यात आली. दिवसा त्या तारांवरून लोक बोलत आणि रात्री त्याच तारा तिजोऱ्या राखत. सर्वसामान्य वर्गणीदारांसाठीचे पहिले व्यापारी दूरध्वनी केंद्र जानेवारी १८७८ मध्ये न्यू हेवन येथे सुरू झाले, ते याच्यानंतर. दूरध्वनी केंद्राच्या इतिहासात चोरघंटेचे नाव फारसे कुणी घेत नाही.

होम्स यांची रीत महाग होती, कारण प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र तार लागे. दुसरा मार्ग एडवर्ड कॅलहन यांनी काढला. शेअर बाजारातील भाव कागदी पट्टीवर छापणारे यंत्र १८६७ साली त्यांनीच बनवले होते. कंपनीच्या अध्यक्षांच्या घरी चोर शिरला आणि त्यातून शेजारची घरे तारेने जोडण्याची कल्पना कॅलहन यांना १८७१ मध्ये सुचली, अशी हकिगत पुढे या व्यवसायात सांगितली जाऊ लागली. त्यांनी सुमारे पन्नास घरे एकाच तारेच्या वेढ्यात ओवली. मग केंद्राला कळणार कसे, की खूण कोणत्या घरातून आली?

प्रत्येक घरात एक लहान पेटी असे. तिच्यात घड्याळासारखी चावी आणि एक दातेरी चाक. खटका ओढला की चाक एकदा फिरे आणि त्याचे दाते तारेतला प्रवाह ठरावीक वेळा तोडत आणि जोडत. प्रत्येक घराच्या चाकाचे दाते निराळे. समजा एका चाकावर आधी दोन दाते, मग मोकळी जागा, मग पाच दाते असतील, तर केंद्रातल्या कागदी पट्टीवर दोन आणि पाच अशा खुणा उमटत आणि कारकुनाला समजे की हे पंचवीस क्रमांकाचे घर. खटका किती पुढे ओढला यावरून पोलीस हवे, आग लागली आहे की केवळ निरोप्या हवा आहे, हेही कळे. शहराचे असे अनेक विभाग करून प्रत्येकात एक केंद्र उघडण्यात आले. म्हणूनच या कंपन्यांना 'डिस्ट्रिक्ट टेलिग्राफ' म्हणत. १८७४ साली अशा अनेक कंपन्या एकत्र येऊन अमेरिकन डिस्ट्रिक्ट टेलिग्राफ ही कंपनी झाली. तिची आद्याक्षरे एडीटी हे नाव आजही तेथील घरांसमोरच्या पाट्यांवर दिसते.

खूण आली की केंद्रातून धावत जाणारी बहुधा मुलेच असत. गणवेश घातलेली ही निरोपी पोरे दिवसा चिठ्ठ्या पोचवत आणि रात्रीही कुठेही पाठवली जात. बालमजुरीविरुद्ध काम करताना लुइस हाइन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काढलेल्या छायाचित्रांत अमेरिकेतील रात्रपाळीची अशी निरोपी मुले दिसतात. तंत्राचा इतिहास वाचताना चाक आणि चुंबक लक्षात राहतात, पण यंत्रणेचे शेवटचे टोक हे धापा टाकणारे एक पोर होते, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

याच पेट्यांचा आणखी एक उपयोग झाला. गिरण्या आणि गोदामांचे रात्रीचे पहारेकरी दर फेरीला ठरावीक ठिकाणच्या पेट्यांचा खटका ओढत. खूण वेळेवर आली तर केंद्रातला कारकून काहीच करीत नसे. खूण आली नाही, तर मात्र माणूस पाठवला जाई. पहारेकरी झोपला असेल, पडला असेल किंवा कुणी त्याला बांधून ठेवले असेल. बंद परिपथातला जो न्याय, तोच येथे माणसाला लावला होता.

चोरही शिकत होतेच. बंद परिपथाला फसवण्यासाठी ते दाराच्या अलीकडे दोन तारा उघड्या करून एकमेकींना जोडून टाकत. मग दार उघडले तरी प्रवाह त्या जोडातून परत जाई आणि पट्टी सुटत नसे. यावर तारेच्या अगदी पलीकडच्या टोकाला एक रोध बसवण्याची युक्ती निघाली. ओहमच्या नियमाचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. समजा १२ व्होल्टचा घट आहे, केंद्रपेटीत १००० ओहमचा एक रोध आणि दाराच्या टोकाला तेवढाच दुसरा. एकूण २००० ओहम, म्हणजे प्रवाह ६ मिलिअँपिअर. तार कापली तर प्रवाह शून्य. तारा मध्येच जोडल्या तर दुसरा रोध वगळला जातो आणि प्रवाह १२ मिलिअँपिअर होतो. आता 'प्रवाह आहे की नाही' एवढेच न पाहता 'प्रवाह सहाच आहे ना' हे पाहायचे. कमी झाला तरी संशय, वाढला तरी संशय. हा प्रयोग एक घट, दोन रोध आणि प्रवाहमापी एवढ्यावर वर्गात होतो आणि चोर व पहारेकरी असे दोन गट पाडले तर तास संपल्याचे भान मुलांना राहत नाही. आजच्या घरगुती यंत्रणेतही हा टोकाचा रोध असतो. तो दाराजवळ बसवण्याऐवजी सोयीसाठी केंद्रपेटीतच बसवणारे कारागीर मात्र असतात. तसे केले की रोधाचा उपयोगच संपतो. यंत्रणा बसवून घेताना हे जरूर विचारावे.

विसाव्या शतकात ही केंद्रे मोठा धंदा झाली आणि कोणती सेवा निवडावी हा प्रश्न थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. ग्रिनेल ही आग विझवण्याच्या फवाऱ्यांची कंपनी. तिने एडीटी, होम्स आणि आगीची सूचना देणारी तिसरी एक कंपनी अशा तिघींचा ताबा मिळवला होता. विमा कंपन्यांनी मान्यता दिलेल्या मध्यवर्ती केंद्रांच्या धंद्यापैकी सुमारे ८७ टक्के धंदा या तिघींकडे होता. १९६६ साली न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदा ठरवली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्या खटल्यातला युक्तिवाद. कंपनीचे म्हणणे असे, की घर राखायला पहारेकरी आहे, कुत्रा आहे, नुसता भोंगा आहे, पोलीस चौकीत वाजणारी घंटा आहे. लोकांना इतके पर्याय असताना मक्तेदारी कसली? न्यायालयाने बहुमताने ठरवले, की या गोष्टी एकमेकींच्या जागी चालत नाहीत. धोका टिपणारे उपकरण, आपोआप जाणारी खूण, चोवीस तास जागे केंद्र आणि तेथून निघणारी माणसे, ही सगळी साखळी मिळून ती एक वेगळी सेवा होते. तिची विश्वासार्हता वेगळी आणि म्हणूनच विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूटही वेगळी. तीन न्यायाधीशांना हे पटले नाही. बाजारपेठेची ही व्याख्या फारच सोयीने कापून घेतलेली आहे, असा एका विरोधी मताचा रोख होता. निकालात आणखी एक गोष्ट नोंदली आहे. स्पर्धा असलेल्या शहरांत एडीटीने दर उतरवले आणि जेथे ती एकटीच होती तेथे करार नव्याने करताना दर बरेच वाढवले. करार पुन्हा होईल तेव्हा दर कोण ठरवणार, हा प्रश्न म्हणूनच सही करण्यापूर्वी विचारण्याचा आहे.

याच वर्षी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने पती अल्बर्ट यांच्यासह एका पेटंटसाठी अर्ज केला. त्यांच्या भागात बोलावूनही पोलीस लवकर येत नसत आणि कामाच्या वेळांमुळे त्यांना अनेकदा घरी एकटे राहावे लागे. दारातली चार छिद्रे, त्यांवर सरकणारा कॅमेरा, आत दूरचित्रवाणीचा पडदा, बाहेरच्या माणसाशी बोलण्याची सोय, दूरवरून दार उघडण्याचे बटण आणि मदत मागण्याचे बटण असा तो आराखडा होता. पेटंट १९६९ मध्ये मिळाले. घंटा ऐकणारा कुणी नसेल तर निदान दाराबाहेर काय आहे ते आपणच पाहावे, अशी ही एकाकी माणसाची सोय. आजच्या दारावरच्या कॅमेऱ्यांची ती पूर्वज ठरली.

दूरध्वनीच्या तारा घरोघर पोचल्यावर मध्यवर्ती केंद्राची सेवा सामान्य घरांनाही परवडू लागली आणि मग एक नवेच संकट उभे राहिले: खोट्या घंटांचे. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सारेच शिकवतो. तिचे गणित मात्र शिकवत नाही. समजा १००० घरांत यंत्रणा आहे. वर्षभरात त्यांतील ५ घरांत खरोखर चोर शिरतो. यंत्रणा इतकी चांगली आहे, की प्रत्येक घरात वर्षातून एकदाच ती चुकून वाजते. पडदा हलला, मांजर फिरले, आजोबांनी चुकीचा आकडा दाबला. वर्षातून एक चूक म्हणजे कुणीही खूष होईल. पण केंद्राकडे आलेल्या १००५ खुणांपैकी खऱ्या फक्त ५. म्हणजे २०१ खुणांतून एक खरी. यंत्र दुप्पट चांगले केले तरी १०१ मध्ये एक. दोष यंत्राचा नाही. चोरी ही घटनाच विरळ आहे, आणि विरळ घटना शोधताना थोड्याशा चुकाही खऱ्या खुणांना बुडवून टाकतात. हेच गणित वैद्यकीय चाचण्यांनाही लागू पडते.

प्रत्यक्षातले आकडे याला धरूनच आहेत. अमेरिकेत पोलिसांपर्यंत पोचणाऱ्या चोरघंटांपैकी ९४ ते ९८ टक्के खोट्या असतात, असा अंदाज तेथील पोलिसांसाठी २००२ च्या आसपास लिहिलेल्या मार्गदर्शिकेत दिलेला आहे. अनेक शहरांनी परवाने आणि दंड सुरू केले. सॉल्ट लेक सिटी शहराने डिसेंबर २००० पासून आणखी पुढची पायरी गाठली. घंटा खरी असल्याचे कुणी प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय पोलीस जाणार नाहीत, असा नियम केला. पहिल्याच वर्षात पोलिसांना मिळणाऱ्या अशा बोलावण्यांत सुमारे ९० टक्के घट झाली. ब्रिटनमध्येही वारंवार खोट्या घंटा देणाऱ्या यंत्रणेला पोलीस प्रतिसाद देणे बंद करतात. मासिक शुल्क भरणाऱ्या ग्राहकाला हे सारे अनेकदा ठाऊकच नसते. आपण पोलिसांना बोलावण्याची सोय विकत घेतली, असे तो समजत असतो.

म्हणून आज चांगले केंद्र घंटा आल्यावर लगेच पोलिसांना कळवत नाही. ते आधी घरी दूरध्वनी करते, उत्तर नसेल तर दुसऱ्या क्रमांकावर. उचलणाऱ्याला परवलीचा शब्द विचारते. याखेरीज आणखी एक शब्द ठरवून ठेवायचा असतो. तो उच्चारला तर केंद्र वरकरणी 'ठीक आहे' म्हणते आणि मदत पाठवते, कारण त्याचा अर्थ 'माझ्यासमोर कुणीतरी उभा आहे' असा असतो. काही यंत्रणा दोन वेगळ्या संवेदकांनी थोड्या अंतराने खूण दिली तरच ती पक्की मानतात. दार उघडले आणि मग दिवाणखान्यात हालचालही दिसली, तर मांजराची शक्यता बरीच कमी होते. या पायऱ्यांना मिनिटे लागतात, हेही ध्यानात ठेवावे. खात्री आणि वेग यांपैकी एक वाढवला की दुसरा घटतो, आणि आपले केंद्र या दोहोंत कुठे उभे आहे हे विचारायचा ग्राहकाला हक्क आहे.

खूण पाठवण्याची आजची एक प्रचलित भाषा पाहिली तर कॅलहन यांचे दातेरी चाक आठवते. तिच्यात आधी ग्राहकाचा चार अंकी क्रमांक, मग घटनेचा तीन अंकी क्रमांक. १३० म्हणजे घरफोडी, ११० म्हणजे आग, ३०१ म्हणजे वीज गेली. त्यात ६०२ असाही एक क्रमांक आहे. त्याचा अर्थ काहीच घडलेले नाही, ही केवळ नेहमीची चाचणी. फेरीवरच्या पहारेकऱ्याने ओढलेला खटकाच तो. ही चाचणी दर काही मिनिटांनी होते की दिवसातून एकदा की महिन्यातून, यावर सेवेचा कस ठरतो. महिन्यातून एकदा होत असेल, तर आज कापलेली तार केंद्राला कळायला तीस दिवस लागू शकतात.

हा धोका केवळ चोरांपासून नसतो. अमेरिकेतील असंख्य केंद्रपेट्या मोबाइलच्या तिसऱ्या पिढीच्या जाळ्यावरून खुणा पाठवत. तेथील एटी अँड टी कंपनीने हे जाळे फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केले. करोनाच्या साथीमुळे घरोघर जाऊन पेट्या बदलणे जमले नाही, सुटे भागही मिळत नाहीत, म्हणून मुदत वाढवा, अशी विनंती या व्यवसायाच्या संघटनेने सरकारकडे केली होती. जाळे ठरल्या तारखेलाच बंद झाले. ज्यांची पेटी बदलली गेली नव्हती, त्यांच्या घरातला भोंगा पूर्वीप्रमाणेच वाजू शकत होता. फक्त तो बाहेर कुणाला कळणार नव्हता. न बोलावता १८५३ साल परत आले ते असे.

आपल्याकडे सध्या घरांसाठी जी यंत्रणा सर्वाधिक विकली जाते, तिच्यात केंद्र नसतेच. खूण थेट मालकाच्या मोबाइलवर येते. पोप यांची घंटा मालकाच्या उशाशी होती, ही खिशात असते, एवढाच फरक. ती स्वस्त आहे आणि पुष्कळांना पुरेशीही आहे. शेजारी विश्वासू असतील आणि किल्ली त्यांच्याकडे असेल तर त्यांचा क्रमांक त्या यंत्रात दुसरा म्हणून घालणे हे महागड्या संवेदकाहून उपयोगी पडते. पण मालक विमानात असेल, वर्गावर शिकवत असेल किंवा मोबाइल बंद करून झोपला असेल, तर केंद्रात त्या वेळी कुणी जागे नाही, असाच त्याचा अर्थ.

शाळेसाठी किंवा घरासाठी मासिक शुल्काची सेवा घेण्याचा विचार असेल, तर माहितीपत्रक बाजूला ठेवून एक छोटी परीक्षा घेता येते. आधी सांगून यंत्रणेचा बाहेर जाणारा मार्ग बंद करावा, म्हणजे दूरध्वनीची तार काढावी किंवा इंटरनेटची पेटी बंद करावी, आणि घड्याळ लावून बसावे. केंद्रातून विचारपूस करणारा दूरध्वनी किती मिनिटांनी येतो ते वहीत लिहावे. तीच परीक्षा पुन्हा रात्री तीन वाजता घ्यावी.